पुंडलिकाची वीट आणि कंपवाताची शुश्रूषा



भक्त पुंडलिकाची कथा आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? पैनगंगेच्या या तीरावरील मराठी घरांत ती आजीच्या तोंडून कळते. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांस ती तेनाली रामकृष्ण कवीच्या ‘पांडुरंग माहात्म्य’ या काव्यामुळे आणि १९५७ साली एन. टी. रामाराव यांनी गाजविलेल्या चित्रपटामुळे परिचित आहे. आईबापांस छळणारा पुंडलिक पुढे पालटला, त्यांच्या सेवेत रमला, आणि साक्षात् भगवंत दारी आले असता हातची सेवा पुरी होईपर्यंत उभे राहावे म्हणून त्याने मागे एक वीट सरकविली. कीर्तनकार या ठिकाणी आले म्हणजे पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीचा गौरव करतात, व तो यथायोग्यच आहे. परंतु वीट आल्यावर देवाने काय केले, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो रागावला नाही. आपला वेळ मोलाचा आहे असे म्हणाला नाही. आत शिरून, पुंडलिकाचे हात बाजूस सारून, ‘आण, मीच चटकन पाय चेपून मोकळा होतो’ असेही म्हणाला नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ज्याच्या संकल्पमात्रे ब्रह्मांडे उत्पन्न होतात, त्याने एका मनुष्याचे काम त्या मनुष्याच्या गतीने होऊ दिले.

या वाट पाहण्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे, आणि तेही एका दुखण्याच्या निमित्ताने.

आमचे तीर्थरूप सकाळची पूजा आटोपून मंडपाच्या पायरीवर टेकले म्हणजे लोक त्यांच्याजवळ घरची सुखदुःखे काढतात. अलीकडे एकाहून अधिक घरांतून त्यांस एकच प्रश्न विचारण्यात आला. घरच्या वडीलधाऱ्या माणसास कंपवात, म्हणजे ज्यास डॉक्टर पार्किन्सन म्हणतात तो, झाला आहे. मुलगा पुण्यास किंवा हैदराबादेस नोकरीवर. घरी सून एकटी, अथवा म्हातारीच म्हाताऱ्याचे करते. शहरांत आता अशी निवासस्थाने निघाली आहेत की जेथे नुसते राहणे-जेवणे नव्हे, तर उठविणे, बसविणे, स्नान घालणे, औषध देणे यांसाठी माणसे असतात. त्यांस असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. आपण साहाय्यनिवास म्हणू. तेथे ठेवले तर पाप लागेल काय? तीर्थरूपांनी हा प्रश्न आमच्याकडे सोपविला, कारण डॉक्टरांची चिठ्ठी वाचून गोळ्यांच्या वेळा समजावून देण्याचे काम मंदिरात आम्हीच करतो. आमचे शिक्षण शाळेपुरते आहे, आणि आम्ही वैद्य नव्हे. म्हणून पुष्कळ वाचून, पुष्कळ विचारून, जे पक्के कळले तेवढेच येथे मांडीत आहोत.

प्रथम दुखण्याविषयी. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन करणारा निबंध लिहिला व पुढे त्यांचेच नाव त्यास पडले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस जगभर या रुग्णांचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या आयुर्वेदास कंपवात पूर्वीपासून ठाऊक होता. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक छोटा पुंज आहे. त्या पेशी डोपामीन नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि त्याच्या योगाने हालचालींस सहजपणा येतो. त्या पेशी हळूहळू मरू लागल्या म्हणजे हा विकार होतो. हात विसावला असता थरथरतो, स्नायू ताठरतात, चाल आखूड होते, अक्षर बारीक होत जाते, आवाज खोल जातो, चेहरा हालेनासा होतो. कित्येकांस कंप मुळी नसतोच; नुसता मंदपणा असतो, व घरची माणसे त्यास म्हातारपण किंवा आळस समजतात. पुष्कळांचा वास ओळखण्याचा गुण आणि पोट साफ होण्याची सवय ही कंपाच्या कितीतरी आधीच बिघडलेली असतात.

हा विकार स्पर्शाने होत नाही. तो कोणत्याही पूर्वपापाचे फळ म्हणून सांगण्याचा अधिकार आपणांस नाही. ज्यास अंगरख्याची गुंडी लावता येत नाही त्याच्यापुढे त्याच्या पूर्वजन्माचा हिशेब मांडणे यासारखे निर्दय शास्त्र दुसरे नसेल. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली एक पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत दर लाख माणसांत सुमारे ३२८ जणांस हा विकार आढळला. दानधर्माबद्दल ज्यांची ख्याती आहे अशा त्या समाजात इतके पापी कोठून आले, असे कोणी विचारील काय? त्या वसाहतींत वृद्धांचे प्रमाण मोठे होते आणि हा विकार वयाबरोबर वाढतो, एवढेच त्यातून कळते. तसेच, दुखणे जुने झाल्यावर काहींस नसलेली माणसे दिसू लागतात. त्यास बाहेरची बाधा समजून उतारे टाकीत बसू नये. ते दुखण्याने किंवा औषधानेही होते, व डॉक्टरांस सांगितल्यास मात्रा बदलून पुष्कळदा कमी होते.

आता औषध. येथे आम्हांस थोडे अधिक थांबावयाचे आहे, कारण पुजाऱ्याच्या घरी वाढलेल्या मनुष्यास ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजते. या विकारावर मूळ नाहीसे करणारे औषध अद्याप नाही. पण शरीरात जाऊन ज्याचे डोपामीन होते असे लेव्होडोपा नावाचे द्रव्य आहे. १९६७ साली अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी ते पुरेशा मात्रेत तोंडावाटे देऊन खिळलेली माणसे चालती केली, तेव्हापासून तेच मुख्य औषध आहे. गंमत अशी, की हे द्रव्य आपल्या रानातील खाजकुहिलीच्या बियांत असते. मद्रासचे दामोदरन व रामस्वामी या शास्त्रज्ञांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे काढले. आणि वैद्य लोक तर कपिकच्छू या नावाने तिचा उपयोग कितीतरी आधीपासून जाणत होते. म्हणून कोणी रानातून शेंगा आणून घरी चूर्ण करू लागेल, तर तसे मात्र करू नये. एका बीमध्ये किती द्रव्य आहे हे डोळ्यांस दिसत नाही, आणि गोळीवर चूर्ण चढले तर मात्रेचा मेळ बिघडतो.

तर गोळीचा गुण काही तास टिकतो. दुखणे जुने होत जाते तसतसे हे तास आखडतात. मग दिवसातून चार, पाच किंवा अधिक वेळा गोळी लागते. गोळी लागू असते तेव्हा तोच मनुष्य स्वतः उठतो, जेवतो, गोष्टी सांगतो. गुण उतरला की त्याच खुर्चीत दगडासारखा बसतो. आपण देवळात काकडआरती, महापूजा, नैवेद्य, धूपारती, शेजारती या वेळा का पाळतो? ‘आज गर्दी आहे, नैवेद्य दोन तास उशिरा दाखवू, देवास काय कळते’ असे म्हणणारा पुजारी आपणांस चालेल काय? देवाचे तर उशिराने काही बिघडत नाही. कंपवाताच्या मनुष्याचे अर्ध्या तासाने बिघडते. ब्रिटनमध्ये पार्किन्सन रुग्णांच्या संस्थेने २००६ साली ‘वेळेवर द्या’ अशी मोहीमच उघडली. आणि तेथील शासकीय आरोग्यमंडळाने २०१८ साली असा दंडक घातला की रुग्णालयात वा वृद्धनिवासात राहणाऱ्या अशा रुग्णास लेव्होडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत मिळालेच पाहिजे. ठरलेली वेळ म्हणजे त्या एका माणसाची वेळ, संस्थेच्या जेवणाची नव्हे.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ, सरकीच्या व्यापारात आयुष्य घालविलेले, दूरच्या एका शहरातील निवासात राहावयास गेले. जागा स्वच्छ, अन्न चांगले, माणसेही वाईट नव्हती. पण सर्वांस औषधे जेवणाच्या ताटाबरोबर देण्याचा तेथील रिवाज. यांची सकाळची गोळी सहाची, ती साडेआठास दुधाच्या पेल्याबरोबर मिळू लागली. दूध, वरण, अंडी यांतील सत्त्व या औषधाच्या शोषणास आड येते. म्हणून गोळी सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास पाण्याबरोबर घ्यावयाची असते. परिणाम असा झाला की दहा वाजेतो त्यांचा हात उचलत नसे, आणि दुपारी ते चालत तेव्हा सेवक म्हणत, ‘सकाळी सोंग करीत होता की नाही?’ सोंग या शब्दाने त्या मानी मनुष्यास जितके दुखविले तितके दुखण्यानेही दुखविले नसेल. पुढे त्यांच्या सुनेने दिनदर्शिकेच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत वेळा लिहून तो कागद पलंगाच्या उशाशी चिकटविला, सेवकाच्या मोबाईलमध्ये घंटा लावून दिली, आणि त्या मुलास समोर बसवून गोळीपूर्वीचे व गोळीनंतरचे सासरे दाखविले. कागदाने जे झाले नसते ते दाखविण्याने झाले. तो मुलगा पुढे इतका तत्पर झाला की सुट्टीच्या दिवशीही बदलीच्या माणसास फोन करून विचारी.

याच ओघात दोन गोष्टी सांगतो. लेव्होडोपा एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. उपवास, ग्रहण, सोवळे यांपैकी कोणत्याही कारणासाठी ते चुकवू नये. गोळी पाण्याबरोबर घेतल्याने व्रत मोडते असे ज्यांस वाटते त्यांनी तीर्थरूपांस येऊन विचारावे. दुसरे, ओकारीसाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल ही औषधे डोपामीनच्याच कार्यास अडवितात व अशा रुग्णाची स्थिती बिघडवितात. तेव्हा कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर ‘यांस पार्किन्सन आहे’ हे पहिल्या वाक्यातच सांगावे.

औषध वेळेवर दिले, पुढे काय? पुढे आपल्या विटेवरच्या देवाचे काम सुरू होते. कंपवाताच्या मनुष्यास सदरा घालावयास पंधरा मिनिटे लागत असतील, आणि आपण तो दोन मिनिटांत घालून देऊ शकत असू, तर आपले हात शिवशिवतात. प्रेमाने शिवशिवतात, घाईनेही शिवशिवतात. पण जे काम त्याच्या हातून काढून घेतले ते काही दिवसांनी त्याच्या हातून कायमचे जाते. गुंड्यांऐवजी चिकटपट्टी लावावी, धोतराऐवजी नाडीऐवजी रबराचा पायजमा द्यावा, जड मुठीचा चमचा व काठ उंच असलेले ताट आणावे, आणि मग बाजूस बसावे. नुसते बसणे कठीण आहे. सेवेच्या नावाखाली आपण पुष्कळ वेळा आपलाच वेळ वाचवीत असतो, असे आम्हांस स्पष्ट वाटते.

चालताना तर हे फार दिसते. खोलीतून बाहेर पडताना, उंबरठ्याशी, अरुंद वाटेत किंवा वळताना त्याचे पाय जमिनीस जणू डिंकाने चिकटतात. मनास पुढे जावयाचे असते, पाय उचलत नाही. अशा वेळी दंडास धरून ओढले तर वरचे शरीर पुढे येते, पाय मागेच राहतात, आणि तो कोसळतो. ओढू नये, मागून ढकलू नये, ‘चला, चला’ असा गलका करू नये. थांबावे. श्वास घेऊ द्यावा. मग भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेण्यास सांगावे, समोर जमिनीवर एखादी आडवी रेघ असेल तर ती ओलांडावयास सांगावे, अथवा ठेका धरावा. हे ईश्वरी कौतुकच म्हटले पाहिजे, की जो पाय मनाच्या हुकमाने उचलत नाही तो पुष्कळदा टाळाच्या ठेक्याने उचलतो. मेंदूतील सहज चालण्याची वाट मोडली तरी बाहेरून आलेल्या तालास धरून चालण्याची दुसरी वाट शिल्लक असते, असे याचे स्पष्टीकरण देतात. वारकऱ्यांची पावली ज्याने पाहिली आहे त्यास हे शिकवावयास नको. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी तसेच वर्ग चालविले, आणि ज्यांनी जन्मात कधी पाऊल थिरकविले नव्हते अशा आजीआजोबांनी तेथे ताल धरला. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण व त्यांचे आप्त एकत्र जमतात, एकमेकांस युक्त्या सांगतात, सहलीस जातात. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली निघालेल्या संस्थेने अशी केंद्रे अनेक गावी उभी केली व तेथे व्यायाम, वाणी आणि मनोधैर्य यांचे शिक्षण दिले. या मंडळींची मोठी देणगी अशी, की रुग्णास आपण एकटेच आहोत असे वाटत नाही.

आपल्याकडे ताल आहे, टाळ आहेत, आरती आहे. आरती मोठ्याने म्हणणे हा खोल गेलेल्या आवाजास व्यायाम आहे. प्रदक्षिणा घालताना जागच्या जागी वळावे लागत नाही, मोठ्या वर्तुळात चालावे लागते; आणि व्यायाम शिकविणारे लोकही अशा रुग्णास तेच सांगतात, की झटकन वळू नका, रुंद वळसा घ्या. देवळाची रचना या रुग्णांस इतकी अनुकूल असून आपण त्यांस घरी का बसवितो? लाज वाटते म्हणून. चेहरा हालत नाही म्हणून लोक समजतात की यांस काही कळत नाही. त्यांस सर्व कळते. हसू आतच राहते, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. घरी ठेवावे की निवासात ठेवावे? पुंडलिकाचे नाव घेऊन कोणी आपणांस दरडावील, की आईबापांस परक्याच्या स्वाधीन करणारा पुत्र कसला? या दरडावणीविषयी आम्हांस वडीलधाऱ्यांची क्षमा मागून चार शब्द बोलावयाचे आहेत. ‘आम्ही बापास घरीच ठेवले’ असे जेव्हा मुलगा अभिमानाने सांगतो, तेव्हा रात्री तीन वेळा उठून त्या बापास कुशीवर कोण वळविते, हे विचारून पाहावे. या दुखण्यात मनुष्यास आपणहून कूस बदलता येत नाही. अंथरुणात स्वप्नाबरोबर हातपाय झाडले जातात. उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येते. पाणी पिताना ठसका लागतो. हे सर्व बहुधा एक सून किंवा सत्तरीतील पत्नी करीत असते. पुण्य मुलाच्या नावावर जमा होते आणि पाठ तिची मोडते. पुंडलिकाने तरी आईबापांचे पाय स्वतःच्या हातांनी चेपले. त्याने पत्नीस ‘तू चेप’ असे सांगून स्वतः पंढरीच्या बाजारात गप्पा मारल्याचे कोणत्याही कथेत नाही. ज्या घरात सेवा वाटून घेता येत नाही, जेथे एकच जीव दुसऱ्यासाठी झिजून दोघेही अंथरुणास खिळण्याच्या बेतात आहेत, त्या घराने चांगला साहाय्यनिवास शोधला तर त्यात पाप नाही. तीर्थरूपांचेही हेच मत आहे, व ते येथे त्यांच्या अनुज्ञेने छापीत आहोत.

परंतु तेथे ठेवणे आणि टाकणे यांत अंतर आहे. पैसे भरले म्हणजे पितृऋण फिटले असे नव्हे.

आपल्या जिल्ह्याची स्थिती तर ठाऊकच आहे. आदिलाबादेत रिम्सचे रुग्णालय आहे; पण मज्जासंस्थेच्या विकारांच्या तज्ज्ञासाठी बहुतेक घरांस सुमारे दोनशे किलोमीटरवरील नागपूर किंवा सुमारे तीनशे किलोमीटरवरील हैदराबाद गाठावे लागते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसंबंधीचा जो कायदा २००७ साली झाला, त्याच्या १९ व्या कलमात राज्य सरकारांनी टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारावेत असे म्हटले आहे. तो निराधारांसाठी आहे. त्यात कंपवाताच्या खास शुश्रूषेचा शब्द नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र पार्किन्सनचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला आहे, हे पुष्कळांस ठाऊक नाही. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज आम्ही आनंदाने लिहून देऊ.

म्हणजे साहाय्यनिवास शोधावयाचा तर बहुधा परगावी. तो पाहावयास जाल तेव्हा फुले, रंग आणि देवघर पाहून भुलू नका. असे विचारा, की रात्री दोन वाजता किती माणसे जागी असतात? आमच्या माणसाची गोळी सकाळी सहास कोण देईल, आणि तो आजारी पडला तर कोण? स्नानगृहात धरावयास दांडे आहेत काय, फरशी ओली व गुळगुळीत तर नाही, पलंगापासून शौचास जाण्याची वाट उजेडाची आहे काय? घास गिळताना मान किंचित खाली ठेवून ताठ बसवितात की निजल्या निजल्या भरवितात? आणि शेवटी, शक्य तर, दुपारी न कळविता एकदा जाऊन या व तेथील लोक रुग्णांशी कसे बोलतात ते दारातच उभे राहून ऐका.

एक गोष्ट आपल्या सीमेवरच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपण सारे मराठी बोलतो, तेलुगू समजतो, हिंदीत बाजार करतो. परंतु आवाज खोल गेला, शब्द पुसट झाले, विचार जुळवावयास वेळ लागू लागला, म्हणजे मनुष्य आपल्या पहिल्या भाषेस धरून राहतो. हैदराबादेच्या निवासातील तेलुगू मुलीस ‘मला कूस बदलून दे’ हे पुटपुटलेले मराठी कळावयाचे नाही; पुण्याच्या सेवकास आपल्या भागातील तेलुगू वा गोंडी आजीचे बोलणे कळावयाचे नाही. म्हणून पाणी, कूस, गोळी, शौच, दुखते, भीती वाटते अशा वीस-पंचवीस शब्दांचा कागद दोन्ही भाषांत करून तेथे द्यावा. तो आम्ही मराठी व तेलुगूत तयार करीत आहोत. गोंडी शब्दांसाठी इंद्रवेल्लीकडील जाणत्या माणसांचे साहाय्य हवे आहे.

आणि त्या सेवकांविषयी. ही मुले-मुली बहुधा आपल्यासारख्याच लहान गावांतून शहरात गेलेली असतात, थोड्या पगारावर परक्याच्या बापाचे मलमूत्र काढतात. भेटीस जाल तेव्हा व्यवस्थापकाशी बोलण्यापूर्वी त्यांचे नाव विचारा. वडील पूर्वी कोण होते, त्यांस काय आवडे, त्यांस अण्णा म्हणतात की मास्तर, हे त्यांस सांगा. म्हणजे त्यांच्यापुढे खोली क्रमांक सातचा रुग्ण न राहता एक मनुष्य उभा राहील. रागावून बोलण्याचे प्रसंग येतील. तेव्हाही हे विसरू नका, की रात्री तुमच्याऐवजी तो जागा आहे.

आता आपल्या मंदिरापुरते. समितीपुढे आम्ही काही सूचना ठेवल्या आहेत व त्या बहुतेक मान्य झाल्या आहेत. मंडपाच्या तीन पायऱ्यांस एका बाजूने लोखंडी कठडा बसेल. उंबरठ्याच्या अलीकडे व पलीकडे जमिनीवर पिवळ्या रंगाच्या आडव्या रेघा ओढल्या जातील. त्या कशासाठी, हे मुलांनी विचारल्यास त्यांस सांगावे. पळीभर तीर्थ थरथरत्या तळहातावर ओतले की ते सांडते आणि तो मनुष्य ओशाळतो. अशांस ते लहान वाटीतून देण्यात येईल, आणि रांगेतील मागच्यांनी तेवढा वेळ पुढे रेटू नये. टेकावयास पाठ व हात असलेल्या, बसक्या नव्हेत अशा चार खुर्च्या एका दात्याने देऊ केल्या आहेत. गुरुवारच्या भजनाच्या आधी अर्धा तास टाळाच्या ठेक्यावर चालण्याचा सराव ठेवावा असा विचार आहे; ज्यांच्या घरी रुग्ण आहेत त्यांनी डॉक्टरांस विचारून व गोळीचा गुण चालू असेल अशा वेळी त्यांस आणावे, आणि सोबत एक धडधाकट माणूस असावा.

सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे घरी शुश्रूषा करणाऱ्या बायांची झोप. आठवड्यातून एक दुपार, दोन तास, कोणी रुग्णाजवळ बसले तर ती बाई तेवढे निजेल. यासाठी ज्यांस वेळ देता येईल त्यांनी आपले नाव आणि आपणांस कोणत्या भाषा बोलता येतात हे पुजाऱ्याच्या घरी कळवावे. आजवर सात नावे आली आहेत, त्यांत पुरुष दोनच आहेत. ज्या घरी जावयाचे त्या घरच्या गोळीच्या वेळा आम्ही कागदावर लिहून देऊ. घड्याळ ज्याचे त्याने आणावे.